गेनचा पेच

सरकारी कागदपत्रांत ज्याला स्वतंत्र रकाना नाही आणि सोयरिकीच्या बैठकीत ज्याचा उल्लेख वडीलधारी मंडळी किंचित घसा खाकरून करतात, अशा एका व्यवसायात माझी उमेदीची वर्षे गेली. मोटारगाड्यांत टेप, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवून देणे हा तो व्यवसाय. पुणे-बंगळूर महामार्गालगत, कऱ्हाडच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराचा एक गाळा भाड्याने घेऊन मी तो मांडला. वर्षाच्या बहुतेक काळात गिऱ्हाईक म्हणजे वडापच्या जीपवाले, नव्या गाडीची हौस असलेली बागायतदारांची मुले आणि क्वचित एखादे डॉक्टर किंवा वकील. परंतु दसरा उलटून साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाची चाहूल लागली, की ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले येऊ लागत, आणि मग गाळ्यात पाय ठेवावयास जागा उरत नसे. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा माणूस कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत रात्र-रात्र बसून राहतो; त्या जागरणाला गाण्याची सोबत लागते, आणि ती सोबत इंजिनाच्या धडधडाटावर मात करणारी असावी लागते, ही गोष्ट ज्यांना केवळ उच्छाद वाटते त्यांनी एक रात्र त्या रांगेत काढून पाहावी.

या व्यवसायातील अवजड कामांविषयी, म्हणजे प्लायवूडची पेटी बांधणे, बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड तार ओढणे, दाराचे अस्तर न मोडता उतरविणे यांविषयी, कोणी तक्रार घेऊन आलेला मला फारसा आठवत नाही. तंटे उपस्थित झाले ते सर्वांत लहान कामावरून. ॲम्पच्या अंगावर, नखाएवढ्या भोकाच्या आत, एक प्लॅस्टिकचा पेच असतो. त्याच्या बाजूला ‘गेन’ अशी अक्षरे असतात. घड्याळजीच्या पेचकसाने तो पाव फेरा इकडे किंवा तिकडे फिरविला, की एखादा वूफर दहा वर्षे वाजतो किंवा दहा दिवसांत जळतो. या पाव फेऱ्याने मला जे शिकविले, ते इतर सगळ्या कामांनी मिळून शिकविले नाही.

गेन म्हणजे आवाज, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे, की ती खोडून काढण्याचा प्रयत्न मी कालांतराने आवरता घेतला. वस्तुतः गेन फिरविल्याने ॲम्पची ताकद तसूभरही वाढत नाही. डेककडून, म्हणजे गाडीतल्या टेपकडून, येणारा संदेश क्षीण असतो. कोणता डेक २ व्होल्टांचा संदेश पाठवितो, कोणता ४ व्होल्टांचा, आणि जुने स्वस्त डेक तर १ व्होल्टही धड देत नाहीत. ॲम्पला या सर्वांशी संसार करावयाचा असल्याने किती व्होल्ट आत आले असता आपण पूर्ण शक्तीने वाजावे, याची तजवीज त्या पेचात केलेली असते. बहुतेक ॲम्पवर ती ०.२ व्होल्टापासून ५-६ व्होल्टांपर्यंत असते. पाटाला पूर्ण पाणी सुटले असता वाफ्यात किती शिरावे, हे दारे धरणारा जसे फावड्याभर मातीने ठरवितो, तसा हा प्रकार आहे. मातीचा बांध अधिक फोडला म्हणून धरणातील पाणी वाढत नाही, वाफा मात्र फुटतो. ३०० वॉटचा ॲम्प गेन कमी असताही ३०० वॉटच देईल, फक्त डेकचा आवाज पुढपर्यंत न्यावा लागेल. आणि गेन पूर्ण उघडला तर तोच ॲम्प डेकच्या पहिल्या दहा-बारा आकड्यांतच शिगेला पोहोचून पुढील सगळा प्रवास फाटक्या आवाजात करील.

ज्या उस्तादांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, ते कानाने गेन लावीत. ओळखीचे गाणे लावावे, डेक चढवावा, गेन हळूहळू उघडावा, आवाज फाटल्याची पहिली खूण ऐकू आली की थोडे मागे यावे, असा त्यांचा शिरस्ता होता, आणि त्यांचे कान असे होते की पुढे यंत्राने तपासले असता त्यांचे काम क्वचितच चुकलेले आढळले. त्या विद्येची अवहेलना मी करणार नाही. परंतु ती विद्या दुसऱ्याला देता येत नाही आणि तिचा दाखला कागदावर उतरत नाही. शिवाय बारक्या स्पीकरचे फाटणे कान चटकन पकडतो, तर वूफरचे फाटणे पुष्कळ पुढे जाईपर्यंत त्याला केवळ भरदारपणा वाटते. आणि गिऱ्हाईक तर त्याच भरदारपणाचे पैसे मोजावयास आलेले असते.

एका हंगामात, ऐन डिसेंबरात, एक ट्रॅक्टरमालक दोन जळालेले वूफर माझ्या टेबलावर ठेवून उभा राहिला. कॉइलवरचे लाखेचे वेष्टण जळाले, की एक उग्र, काहीसा गोडसर वास सुटतो; तो एकदा नाकात बसला की मनुष्य पेटी न उघडता निदान सांगू शकतो. त्याचे म्हणणे असे, की मी जुळवून दिल्यावर कोणी हात लावला नाही. माझे म्हणणे असे, की मी लावला होता त्याहून गेन पुष्कळ पुढे आहे. दोघांपाशीही पुरावा नव्हता. शेवटी तडजोडीने अर्धे पैसे घेऊन मी नवे वूफर बसवून दिले, पण तो मामला मनातून जाईना. पैशांचे दुःख नव्हते. आपण वर्षानुवर्षे जे काम करतो त्याची मोजणी आपल्याला कोणापुढे मांडता येत नाही, याचे वैषम्य वाटले.

ती मोजणी मला ज्यांनी दिली ते एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री शाखेचे शिक्षक होते आणि स्वतःच्या गाडीत दोन स्पीकर बसवून घेण्यासाठी आले होते. माझी कैफियत ऐकून त्यांनी बिलाच्या मागे एक ओळ लिहिली: वॉट आणि ओहम यांचा गुणाकार करा आणि त्याचे वर्गमूळ काढा, जे येईल तितके व्होल्ट. ३०० वॉटचा ॲम्प, ४ ओहमचा वूफर, गुणाकार १२००, वर्गमूळ ३४.६. ॲम्पच्या तोंडाशी मीटर लावा आणि ३४.६ दिसले की हात आखडा. शाळेत ज्या ओहमच्या नियमाने आम्हांला छळले तो असा व्यापारात उतरलेला पाहून मला अचंबा वाटला. त्याच बैठकीत त्यांनी सांगितले, की हा ओहम कोलोन येथील शाळामास्तर होता, १८२७ साली त्याने ग्रंथ छापला तेव्हा स्वदेशात त्याची उपेक्षा झाली आणि नोकरीही सोडावी लागली. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले तेव्हा कुठे त्याचे नाव झाले. मास्तरांनी मास्तराची गोष्ट सांगावी तशा आत्मीयतेने ते सांगत होते.

त्यानंतर मी जी पद्धत अंगीकारली ती आजतागायत फारशी बदललेली नाही. प्रथम स्पीकरच्या तारा ॲम्पपासून सोडवावयाच्या. हे विसरले तर पुढील प्रकाराने वूफरचाच बळी जातो. डेकमधील बेस, ट्रेबल, लाउडनेस सगळे शून्यावर आणावयाचे, ॲम्पवरील बेस-बूस्टचे बटण बंद करावयाचे, कारण ते चालू राहिले तर मोजणीला अर्थच राहत नाही. गेनचा पेच डावीकडे पूर्ण मिटवावयाचा. इंजिन सुरू करावयाचे, म्हणजे बॅटरीच्या टोकांशी १२.६ च्या ऐवजी १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. डेकचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून वूफरसाठी ५० हर्ट्झचा शुद्ध सूर लावावयाचा. पूर्वी हा सूर सीडीवर असे, आता पेन ड्राइव्हवर असतो. मीटरचा खटका एसी २०० व्होल्टांवर, लाल आणि काळी टोके ॲम्पच्या अधिक-उण्यावर, आणि मग पेचकस. आकडा ३.१, ९.८, १७.४ असा चढत जातो. तिशीच्या पुढे पेच इतका हळवा होतो की श्वास रोखून बोटे फिरवावी लागतात, कारण केसभर हालचालीने तीन-चार व्होल्ट उडी मारतात.

या सर्व वेळात गाळ्यात काहीही ऐकू येत नाही. स्पीकर सोडविलेले असतात आणि सूर तारेतच राहतो. आवाजाच्या धंद्यातील निर्णायक काम संपूर्ण निःशब्दतेत चाललेले पाहून गिऱ्हाईक अस्वस्थ होते. एक जण तर बाहेर चहा पिऊन परत आला आणि ‘अजून चालू केलं न्हाई व्हय?’ म्हणून विचारू लागला, तेव्हा काम उरकून मी मीटरची टोके गुंडाळीत होतो.

खरा कस लागे तो पुढे. स्पीकर जोडून गाणे लावले, की ट्रॅक्टरवाल्याच्या चेहऱ्यावर नाराजी उमटे. ‘मालक, आवाज बारीक केलासा की!’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचे उत्तर मी एखाद्या पुजाऱ्याप्रमाणे एका दमात देऊ लागलो. वॉट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक मुद्दाम कान दिला तरच कळतो. कानाला दुप्पट भासावयास साधारण दसपट वॉट लागतात. म्हणजे ३०० वॉटच्या ॲम्पकडून फाडून-ओरबाडून आणखी काही वॉट काढून त्या रानात त्याला काहीच मिळणार नव्हते. उलट आवाज फाटतो तेव्हा लाटेचा माथा छाटला जाऊन ती चौकोनी होऊ लागते, आणि पूर्ण चौकोनी लाट त्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुप्पट शक्ती कॉइलमध्ये ओतते. ती शक्ती गाणे होत नाही, उष्णता होते. हे सांगून झाल्यावर काही जणांना पटे. ज्यांना पटत नसे त्यांना मी दुसरा वूफर किंवा नीट मापाची पेटी घ्या म्हणून सुचवी. त्यात माझा स्वार्थ होता हे नाकबूल करण्यात हशील नाही, पण सल्ला खरा होता.

वॉटच्या छापील आकड्यांविषयी मात्र माझी सहनशक्ती लवकर संपली. डेकवर ‘५० गुणिले ४’ असे दिमाखाने छापलेले असते. १२ व्होल्टांच्या बॅटरीवर, आत दाब वाढविण्याची सोय नसताना, तो ४ ओहमच्या स्पीकरला अखंडपणे २० वॉटांच्या आसपासच देऊ शकतो, आणि याच कारणाने वेगळा ॲम्प लागतो. ॲम्पच्या बाबतीत तर ताळतंत्रच नाही. एक तरुण मोठ्या अभिमानाने ‘२००० वॉट’ अशी सोनेरी अक्षरे असलेला ॲम्प घेऊन आला. मी तो उलटा करून फ्यूज दाखविला. एकच, ३० अँपिअरचा. ३० ला १३.८ ने गुणले तर ४१४. म्हणजे आत शिरणारी वीजच ४१४ वॉट. त्या जातीचा ॲम्प त्यातील साठ टक्क्यांच्या आसपास स्पीकरला देतो, उरलेल्याने स्वतःचे अंग तापवितो. जे आतच गेले नाही ते बाहेर कसे येणार? सूत्रात २००० घालून वर्गमूळ काढले असते तर मीटरने ८९ व्होल्टांचा हुकूम केला असता, आणि त्या बिचाऱ्या ॲम्पच्या बापजाद्यांनीही तितके व्होल्ट पाहिले नसते. तेव्हापासून पेटीवरचा आकडा सूत्रात घालावयाचा नाही, फ्यूजवरून हिशेब काढून मगच घालावयाचा, हा माझ्या गाळ्यातील कायदा झाला. त्या तरुणाने तो हिशेब स्वतः कागदावर दोनदा करून पाहिला आणि मग ॲम्प विकणाऱ्याच्या नावाने जे काही उच्चारले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

ओहमच्या बाबतीतही अशीच गफलत आढळे. दुसरीकडे कोठेतरी बसवून घेतलेली एक जीप माझ्याकडे आली. वूफर सारखे जळत होते. मीटरने ३४.६ दाखविले, म्हणजे ज्याने कोणी लावले त्याला सूत्र ठाऊक होते. पण ४ ओहमचे दोन वूफर समांतर जोडलेले होते. ॲम्पच्या दृष्टीने भार २ ओहमचा झाला होता, आणि त्याच ३४.६ व्होल्टांनी दोघांत मिळून ३०० च्या जागी ६०० वॉट रेटले जात होते. त्या जोडीला एकूण ३०० वॉटच सोसणार होते, त्यामुळे योग्य आकडा २४.५ होता. सूत्र पाठ असणे आणि पेटीत हात घालून जोडणी पाहणे यांत किती अंतर आहे, याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

मीटरवर माझी भिस्त वाढली त्या काळातच त्याच्या मर्यादाही कळू लागल्या. बाजारात मिळणारा पिवळा स्वस्त मीटर ५०-६० हर्ट्झला खरा बोलतो, पण ४०० हर्ट्झच्या पुढे त्याच्या साक्षीवर विसंबता येत नाही. म्हणून दारातल्या स्पीकरांसाठी १००० हर्ट्झचा सूर लावून त्याने जुळवणी करणे म्हणजे दिशाभूल. दुसरे असे, की त्याला आकडा कळतो, आकार कळत नाही. लाट गोल आहे की माथा छाटलेली, हे त्याला दिसत नाही. छाटणी सुरू झाल्यावरही आकडा चढतच राहतो. आणि तिसरी, बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट: आपण मोजतो तेव्हा स्पीकर सोडविलेले असतात. ॲम्पवर भार नसतो, आतील दाब ताठ राहतो. भार जोडला, त्यात ट्रॅक्टरचा अल्टरनेटर लहान, रात्री सगळे दिवे पेटलेले, की दाब खचतो आणि ज्या ३४.६ ला रिकामा ॲम्प स्वच्छ होता तेथेच भरलेला ॲम्प फाटू लागतो. पुढे मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून एक जुना ऑसिलोस्कोप मी आणला आणि भार जोडून लाट पडद्यावर पाहू लागलो, तेव्हा सूत्राचा आकडा ही गाठावयाची जागा नसून ओलांडू नये अशी शीव आहे, हे मला डोळ्यांनी दिसले. ट्रॅक्टरला मी तेव्हापासून ३४ च्या जागी ३० ला थांबतो. ३० चा वर्ग ९००, भागिले ४, म्हणजे २२५ वॉट. कागदावर पंचाहत्तर वॉट सोडले, कानाला सव्वा डेसिबलही नाही.

परंतु कमी म्हणजेच शहाणपणाचे, असाही ग्रह मी करून घेतला असता तर एका वृद्ध गृहस्थांनी तो टिकू दिला नसता. ते सेवानिवृत्त मुख्याध्यापक होते आणि गाडीत केवळ नाट्यसंगीत आणि जुनी भावगीते ऐकत. मी रीतसर, पूर्ण पातळीचा सूर लावून जुळवणी केली. आठ दिवसांनी ते परत आले. अतिशय सौजन्याने म्हणाले, ‘डेक पुरा उघडला तरी गायक पलीकडच्या खोलीत बसल्यासारखे वाटतात हो.’ त्यांचे म्हणणे यथार्थ होते. हल्लीची गाणी ध्वनिमुद्रणातच इतकी फुगविलेली असतात, की ती परीक्षेच्या सुराच्या बरोबरीला येऊन भिडतात. जुन्या मुद्रणांत सर्वसाधारण पातळी पुष्कळ खाली आणि मधूनच एखादी तान वर जाणारी. त्यांच्यासाठी मी १० डेसिबल खालच्या पातळीचा सूर लावून त्याच व्होल्टांना गेन आणला, म्हणजे प्रत्यक्षात पेच पुढे उघडला. अट एकच घातली, की नातवाने त्याची गाणी लावली तर डेक निम्म्याच्या पुढे नेऊ नये. नातू मागच्या सीटवरच बसला होता आणि त्याने अत्यंत अविश्वासाने माझ्याकडे पाहिले. एकच ॲम्प, एकच वूफर, तेच सूत्र, आणि तरीही गाडी कोणाची हे विचारल्यावाचून पेच फिरविता येत नाही.

गेन उगाच पुढे असला, की आणखी एक उपद्रव होतो, तो म्हणजे शिट्टी. इंजिनाचा वेग वाढेल तशी चढणारी बारीक शिट्टी स्पीकरमधून येते. लोक तारा बदलतात, डेक बदलतात. बहुधा दोष अर्थिंगचा असतो. रंगावरच बोल्ट आवळलेला असतो. तेथील रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडे केले आणि गेन योग्य जागी आणला, की शिट्टी निघून जाते. याही कामाला तोच मीटर. १९२३ साली बाजारात आलेला पहिला तसा मीटर एका ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंत्याने कल्पिला होता म्हणतात ते खरे आहे. मॅकाडी हे त्याचे नाव. वेगवेगळी यंत्रे पाठीवर वाहून तो कंटाळला होता, आणि गाडीखाली उताणा पडून काम करताना त्या कंटाळ्याबद्दल मी त्याचे मनोमन आभार मानले आहेत.

या कामाचे पैसे मागणे हा शेवटपर्यंत अवघड प्रश्न राहिला. तारेचे, पेटीचे, मजुरीचे पैसे लोक विनातक्रार देतात. पेच फिरविण्याचे पैसे म्हटले, की भुवया चढतात. मी बिलात ‘जुळवणी’ असे स्वतंत्र कलम घालू लागलो आणि त्याच्या पुढे व्होल्टांचा आकडा, ओहम, डेकची खूण आणि तारीख लिहू लागलो. तीच नोंद चिठ्ठीवर लिहून ॲम्पच्या पोटाला चिकटवितो. गेनच्या भोकावर लाल नेलपॉलिशचा एक थेंब सोडतो. तो वाळला की पेच हलविणाऱ्याला तो मोडल्याशिवाय गत्यंतर नसते. ही युक्ती घरातून उचललेली आहे आणि बाटली संपली की अजूनही मला दुकानातून आणून द्यावी लागते, ते वेगळे. तेव्हापासून तंट्यांचा निकाल लवकर लागू लागला. जळका वूफर आला, की बोलण्याआधी मी ॲम्पवर दिवा धरतो. थेंब शाबूत असेल तर दोष माझा किंवा मालाचा, आणि मी बदलून देतो. थेंब तुटलेला असेल तर मीटर लावून चिठ्ठीवरचा आणि आत्ताचा आकडा दोन्ही समोर ठेवतो. गेल्या हंगामात एकाच्या चिठ्ठीवर ३० होते आणि मीटरवर ४१. मालकाने आकडा पाहिला, ड्रायव्हरकडे पाहिले. ड्रायव्हर म्हणाला, ‘न्हाई ओ, खड्ड्यात गाडी आपटली न्हवं, त्यात फिरलं असंल.’ मालकाने निमूटपणे नव्या वूफरचे पैसे मोजले आणि जाताना जुळवणीचे पैसे, न मागता, टेबलावर ठेवले.